ड्रम वर का येईना? पंचेचाळीस जनावरांच्या गोठ्यातल्या एका गोबरगॅसचं प्रकरण

फोन वहिनींचा होता. गोठ्याच्या मालकांना मी काका म्हणतो, म्हणून त्यांची सून माझी वहिनी. "भाऊ, दुपारी चहा टाकला तर उकळी यायच्या आत ज्योत विझते. शेण तर आधीपेक्षा दीडपट पडतंय. मग गॅस जातो कुठं?"

गोबरगॅसची दुरुस्ती करणाऱ्याला हा प्रश्न नेहमीचाच, पण यातलं 'दीडपट' मनात राहिलं. शेण वाढलं आणि गॅस घटला, म्हणजे गळती नसावी. गळती असती तर वहिनींना वास आला असता, साबणाचा फेस लावून जोड तपासायचं काम त्या स्वतः करतात.

गोठा फलटण तालुक्यातला. संच खादी आयोगाच्या नमुन्याचा, तरंगत्या लोखंडी ड्रमचा (गॅस साचला की ड्रम वर चढतो), २५ घनमीटरचा. हौदाचा व्यास ३.९ मीटर, खोली ४ मीटर, म्हणजे पोटात साधारण ४८ हजार लिटर शेणकाला, शेण-पाण्याचं मिश्रण. तो बांधला तेव्हा गोठ्यात लहानमोठी तीस जनावरं होती आणि ती दावणीला असायची. दोन गडी पाटीने शेण उचलत, कुंडीत पाटीमागे एक बादली पाणी घालून कालवत. एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस निघतो हा आमच्या धंद्यातला रोजचा हिशोब. सहाशे किलो शेणावर २४ घनमीटर, आणि तेवढा मिळतही होता. अकरा माणसांचा स्वयंपाक, वासरांचं दूध कोमट करणं, दूध काढायच्या मशीनला धुवायला गरम पाणी, इतकं सगळं भागून संध्याकाळी ड्रम वर असायचा.

मग मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या. गडी मिळेनासे झाले म्हणून काकांनी मुक्त संचार गोठा केला, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी. दूध काढायची आणि गव्हाणीपुढची जागा काँक्रीटची, बाकी मोकळा मुरमाचा आवार. जनावरं पंचेचाळीस झाली. आणि काँक्रीट धुवायला दोन अश्वशक्तीचा पंप व जाड पाइप आला. नाली थेट गोबरगॅसच्या कुंडीत सोडली. बघायला फार सोयीचं होतं: पाइप मारला की शेण आपल्या पायांनी हौदात जातं. आवारातलं शेण सकाळी फावड्याने ओढून त्याच नालीत ढकलायचं.

मी गेलो तेव्हा काकांच्या हातात कोटेशन होतं. शेण पिळायच्या मशीनचं, अडीच लाखांच्या घरातलं. विक्रेत्याने सांगितलं होतं, शेण पातळ झालंय, ते आधी मशीनमधून पिळून घ्या, चोथा वेगळा विका, नुसतं पाणी हौदात सोडा, चोक-अप बंद होईल. काकांनी मोबाइलवर गुजरातच्या बनास डेअरीच्या दामा गावच्या, रोज ४० टन शेणावर चालणाऱ्या प्रकल्पाचा व्हिडिओ दाखवला. "हे बघ, इथं पण मशीन आहे." होतं. पण तिथे स्लरी, म्हणजे पातळ शेणकाला, पिळतात ती गॅस काढून झाल्यावर. आधी की नंतर, या एका शब्दावर पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

मशीनबद्दल हो-नाही म्हणायच्या आधी मी दोन दिवस मागितले. मोजमापाला लागलं ते सगळं घरातलंच: एक लांब बांबू, वहिनींचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, सामूच्या (आम्लता मोजायच्या, pH) पट्ट्या आणि एक लिटरची पारदर्शक बाटली.

पहिला बांबू. ड्रम आणि भिंतीच्या फटीतून हौदात सोडला. चार मीटर जायला हवा होता. ज्या बाजूने शेण आत येतं तिथे तो तळाच्या एक मीटर वरच थांबला, हौदाच्या मधल्या भिंतीपलीकडे, जिथून काला बाहेर पडतो, अर्धा मीटर वर. बाहेर काढल्यावर टोकाला चिकटलेला गाळ बोटांत चोळला तर कचकच लागला. मुरूम होता तो. सरासरी ऐंशी सेंटिमीटरचा थर धरला तरी साडेनऊ हजार लिटर जागा मातीने खाल्लेली. हौद ४८ हजारांचा राहिलाच नव्हता, ३८ हजारांचा झाला होता. वर ड्रमच्या कडेने बांबू खाली सोडतानाही आधी एक जाड साय फोडावी लागली होती: कुट्टीचे तुकडे, मुरघासाची देठं, उसाच्या वाड्याचं चघाळ, सगळं वाळून गादीसारखं झालेलं. त्या सायीखालून गॅस वर येणार तरी कसा? तो कडेच्या फटीतून बुडबुड करत हवेत जात होता, दिसतही होता.

दुसरं, पाणी. पंप किती मिनिटं चालतो ते बघितलं, बादली लावून प्रवाह मोजला. दोन वेळच्या धुण्याचे साडेतीन हजार लिटर. त्यात नऊशे किलो शेण आणि मूत्र, म्हणजे रोज साधारण साडेचार हजार लिटर हौदात. आता ३८ हजाराला साडेचार हजारांनी भागा. साडेआठ दिवस! ज्या हौदात शेणाने चाळीस दिवस मुरायचं, तिथून ते नवव्या दिवशी बाहेर पडत होतं. मिथेन म्हणजे जळणारा गॅस करणारे जिवाणू संथ असतात, त्यांची संख्या दुप्पट व्हायलाच कित्येक दिवस लागतात. नवे तयार होण्याआधी जुने वाहून चालले होते. आम्ल करणारे जिवाणू मात्र चपळ, ते मागे राहून आपलं काम करत होते. सामू ६.४ आला. सातच्या आसपास हवा होता.

तिसरं, घट्टपणा. कुंडीतला १०० ग्रॅम काला स्टीलच्या ताटलीत घेतला, उन्हात वाळवला, मग तव्यावर मंद आचेवर कोरडा केला (वहिनींनी तो तवा पुन्हा घरात घेतला नाही, हे ओघाने आलंच). साडेतीन ग्रॅम उरले. पाटीला बादली या जुन्या मापात नऊ ग्रॅम उरले असते.

आता हे साडेतीन आणि नऊ जरा नीट बघायला हवेत, कारण सगळी गोम इथे आहे. नऊ टक्क्यांचा काला घट्ट असतो, पिठल्यासारखा. त्यात कुट्टीचा तुकडा अडकून राहतो, वर येत नाही, आणि बारीक मातीही सहज खाली बसत नाही. जे आत आलं ते ढकलत ढकलत दुसऱ्या तोंडाने बाहेर जातं. तोच काला साडेतीन टक्क्यांवर आणला की तो पिठलं न राहता कढी होतो. हलकं वर, जड खाली. बाटलीत भरून दाखवलं: वहिनींनी हलवून ओट्यावर ठेवली, पाच मिनिटांत तळाला बोटभर मातीचा पट्टा, वर कुट्टीची टोपी, मध्ये हिरवट पाणी. काका बराच वेळ बाटलीकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे शेण वेगळं करायचं मशीन माझ्याकडे आधीपासनंच आहे. हौदच की तो."

होय, आणि नको त्या जागी. माती, पाणी आणि चघाळ गोठ्यातच वेगळं व्हायला हवं होतं, ते होत होतं हौदाच्या पोटात, जिथून काढायचं म्हणजे ड्रम उचलावा लागतो.

कोटेशनवरचं माझं मत यातून आलं. शेण आधी पिळलं तर चोक-अप थांबलं असतं हे खरं, पण चोथ्याबरोबर गॅस देणारा तंतूही बाहेर गेला असता. तंतू सावकाश कुजतो, चाळीस दिवसांच्या हौदात त्याचा वाटा मिळतो. मोठ्या डेअऱ्यांत, जिथे शेकडो गाईंचं शेण पाण्यानेच वाहून न्यावं लागतं आणि पातळ पाण्यावर थोड्या दिवसांत गॅस काढणारे वेगळे संच असतात, तिथे आधी पिळणं शहाणपणाचं ठरतं. इथे मशीनने मूळ दुखणं सुटलं नसतं: साडेतीन हजार लिटर पाणी तेवढंच हौदात गेलं असतं, आणि मुरमाने मशीनची जाळी व स्क्रू लवकर झिजले असते.

एक गोष्ट अपघाताने कळली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाई ज्या उथळ हौदातून चालवतात, खुरांसाठी, त्यातलं निळं पाणी गड्याने नालीत ओतलं. मोरचूद, तांब्याचा क्षार! दीडशे लिटर पाण्यात सात-आठ किलो. दर रविवारी. तांबं जंतू मारतं म्हणूनच ते खुरांना लावायचं, आणि तेच पाणी आपण जिवाणूंच्या हौदात सोडत होतो. दूध काढायचं मशीन धुतल्यावरचं आम्ल आणि सोड्याचं पाणीही त्याच नालीत. कासदाह झालेल्या गाईला प्रतिजैविक सुरू असेल तर तिचं शेणही काही दिवस बाजूला ठेवलेलं बरं. गॅस कमी होण्यात मोरचुदाचा वाटा किती हे मी सांगू शकणार नाही, मुख्य दोष पाण्याचाच होता. पण त्या दिवशी काकांना सगळ्यात जास्त धक्का त्या निळ्या पाण्याचा बसला.

ठरलं ते असं. आवारातलं मुरमाचं शेण हौदात अजिबात नाही, ते सरळ उकिरड्यावर, तिथून गांडूळखताला. काकांना हे पटेना. "एवढं शेण वाया घालवू?" मग मोजून दाखवलं: गाई खाताना आणि दूध काढताना बरंच शेण टाकतात, काँक्रीटवर रोज साडेपाचशे किलो मिळत होतं. तेवढंच पाणी घातलं तर अकराशे लिटर. ४८ हजाराला अकराशेने भागलं की त्रेचाळीस दिवस. संच मुळात तेवढ्यासाठीच बांधलेला होता. उरलेल्या शेणाचं गांडूळखत होतंय, वाया काय गेलं?

काँक्रीटवर आधी कोरडं खरवडायचं, पाणी मागाहून. हे सांगायला सोपं आहे. गड्याचं म्हणणं रास्त होतं, पाइपाने दहा मिनिटांत होतं ते खरवडून पाऊण तासाचं होणार, दिवसातून दोनदा. त्यावर गावातल्या वेल्डरने तोडगा काढला: ट्रॅक्टरच्या जुन्या टायरची मीटरभर रुंद पट्टी दोन लोखंडी पट्ट्यांत बोल्टने आवळली, मागे पाइपाचा दांडा. वायपरचा थोरला भाऊ. वीस-पंचवीस मिनिटांत काम होऊ लागलं. मग गड्याचीही कुरकुर थांबली, निदान माझ्यासमोर तरी.

धुण्याच्या पाण्याला वेगळी नाली काढली, ती दोन कप्प्यांच्या गाळ-खड्ड्यातून नेपियर गवताच्या वाफ्यात जाते. कोरडं खरवडल्यावर धुवायला पाणीही निम्म्याहून कमी लागतं. पहिल्या धुण्याचं सहाशे लिटर पाणी एका टाकीत धरून ठेवतात, शेण कालवायला तेच वापरतात, बोअरचं ताजं पाणी नाही. कुंडीचं तोंड तळापासून आठ इंच वर घेतलं. कालवून दहा मिनिटं थांबायचं, मग बुच काढायचं. खुरांबरोबर आलेला जाड मुरूम तळाला राहतो, आठवड्याला दोन पाट्या निघतात. तोंडाशी एक इंचाची जाळी, चघाळासाठी.

मोरचुदाच्या पाण्याला खरं उत्तर नाही. आता ते पिंपात साठवतात आणि भरपूर पाण्यात विरळ करून पाच एकर उसात आळीपाळीने वेगवेगळ्या ठिकाणी टाकतात. तांबं जमिनीत नाहीसं होत नाही, फक्त एका जागी साचू द्यायचं नाही. दर रविवारऐवजी पंधरवड्याने, आणि गाईंचे पाय आधी साध्या पाण्यातून नेऊन, म्हणजे द्रावण जास्त दिवस टिकतं.

राहिला हौद साफ करण्याचा प्रश्न, आणि इथे मी जरा कडक झालो. काका म्हणाले, दोन पोरं उतरवतो, अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हटलं, कुणी उतरणार असेल तर मी निघालो. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याच्यामागे एकेक करत बाकीचे, आणि पाच माणसं गेली. खाली प्राणवायू नसतो, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू जास्त झाला की नाक मरतं, वास येणंच थांबतं. वास गेला म्हणून धोका गेला असं वाटतं, आणि माणूस तिथेच पडतो.

म्हणून हायड्रा क्रेन बोलावून ड्रम उचलला. आसपास विडी-काडी बंद, वीज बंद. वरची साय लांब आकड्यांनी ओढली. दहा हजार लिटर चांगला काला आधी टँकरमध्ये बाजूला काढून ठेवला, विरजण म्हणून. बाकीचा मड पंपाने शेतात. तळाचा मुरूम वरून पाण्याचा जोरदार फवारा मारत सक्शनच्या टँकरने ओढला. दोन दिवस गेले, पैसेही पोरं उतरवण्यापेक्षा बरेच जास्त गेले. निघालेला गाळ बांधावर पसरला तेव्हा काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यात घराचा पाया भरला असता."

ड्रम बाहेर होताच, तर घासून रंगवून घेतला. गॅसच्या नळीवर लोखंडाच्या किसाची गाळणी बसवली. लेथवाल्याकडचा कीस पाणी शिंपडून चांगला गंजवायचा, जाड प्लॅस्टिक पाइपात भरायचा. गंज त्या सडक्या वासाच्या वायूला धरून ठेवतो, शेगडी आणि बर्नर खराब होत नाहीत. कीस काळा पडला की बाहेर काढून हवेवर पसरायचा, पुन्हा तांबूस होतो. पण ओला करून, पातळ पसरून, आणि कडब्याच्या गंजीपासून लांब! हवेत तो तापतो, ढीग करून ठेवला तर पेटूही शकतो.

विरजण घालून हौद हळूहळू भरला. पहिले काही दिवस ड्रम वर आला, पण गॅस पेटेना. वहिनींचा फोन, "बिघडलं का काय?" बिघडलं नव्हतं. सुरुवातीचा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि अडकलेली हवा असते, तो दोनदा सोडून द्यायचा, जवळ ज्योत न आणता. तिसऱ्या आठवड्यात निळी ज्योत आली.

आकड्यांचं सांगतो. ड्रमचा व्यास पावणेचार मीटर, म्हणजे तो १० सेंटिमीटर चढला की १.१ घनमीटर गॅस. मधल्या पाइपावर पांढऱ्या रंगाने खुणा करून दिल्या. संध्याकाळी सातला झडप बंद, सकाळी सातला वाचन. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बारा तासांत ४५ सेंटिमीटर चढला होता, म्हणजे दिवसाला दहा घनमीटर. पाच महिन्यांनी, होळीच्या सुमारास, तो ८६ चढत होता. एकोणीस घनमीटर. हिशोबाने बावीस यायला हवे होते. तीन कुठे गेले ते मला नक्की माहीत आहे असं म्हणणार नाही, काही सकाळी शेण कमी भरतात हे मात्र मी पाहिलंय. तरंगत्या ड्रमचा हाच फायदा, घट-वाढ डोळ्यांना दिसते. १९८४ साली आलेला दीनबंधू नमुन्याचा पक्का घुमट स्वस्त पडतो, गंजत नाही, पण तिथे हौद मातीने भरत चाललाय हे स्वयंपाकघरात ज्योत विझल्याशिवाय कळत नाही.

आणि मशीन? घेतलं नाही. बाहेर पडणाऱ्या स्लरीसाठी विटांचे तीन वाफे बांधले: तळाला खडी, वर वाळू, सगळ्यात वर वीतभर उसाचं पाचट. स्लरी सोडली की पाणी झिरपून खालच्या टाकीत जातं, घट्ट भाग पाचटावर राहतो. आठ-दहा दिवसांनी तो पाचटासकट उचलून गांडूळखताच्या बेडवर. झिरपलेल्या पाण्यात झाडाला लगेच मिळणारं नत्र बरंच असतं, ते नेपियरला पाटाने जातं. ठिबकमधून सोडायचा मोह काकांना झाला होता, ड्रिपर दोन दिवसांत तुंबले. आम्ही पुन्हा पाटावर आलो. रोजच्या अकराशे लिटरसाठी अडीच लाखांचं मशीन दिवसाला अर्धा तासही चाललं नसतं. आसपासचे चार गोठे मिळून घेणार असतील तर मी विचार बदलीन, तसं बोलणं चालू आहे.

पावसाळ्यात वाफे झाकायला ताडपत्री पुरत नाही, त्याचं काहीतरी करावं लागेल. शिवाय काका लग्नाकार्याला गेले की गडी पाइप नालीवर फिरवतोच. परवा वहिनींचा मेसेज आला, रोजच्यासारखा नुसता आकडा: ६१. मी फोन केला तर म्हणाल्या, "हो, तीन दिवस हे लोक पंढरपूरला होते. बाटली भरून ठेवलीय मी ओट्यावर, गडी आला की दाखवते."